जास्वंदीचं पेन

कृत्रिम फुलांचा मला राग होता आणि तो तत्त्वाचा राग आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत आले. कारण तसं भक्कम होतं. माझं माहेर मावळातलं. तळेगाव दाभाड्याच्या बाजूला पॉलिहाउस उभी राहिली, तशी आमच्या भावकीतही जरबेरा आणि गुलाबाची शेती आली. व्हॅलेंटाइन डेच्या आधी गुलाबाच्या पेट्या भरायला घरातली झाडून सगळी माणसं बसतात. आणि ऐन सणात बाजारात प्लॅस्टिकच्या माळा लटकलेल्या दिसल्या, की भावाचा चेहरा कसा उतरतो ते मी पाहिलंय. ‘नकली फुलं म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय’ हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

त्यात मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. निळा गुलाब, त्याला भलत्याच झाडाची पानं, वर प्लॅस्टिकचे दवबिंदू! माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि माझी धाकटी जाऊ नेमकी फुलांची पेनं करते. साध्या बॉलपेनला हिरवी फ्लोरल टेप गुंडाळायची, मागच्या टोकाला सॅटिनचं किंवा क्रेप कागदाचं फूल बसवायचं आणि अशी पाच-सहा पेनं चिंचोक्यांनी भरलेल्या कुंडीत खोचून टेबलावर ठेवायची. बचत गटाच्या प्रदर्शनात ती विकली जातात. लग्नाच्या हॉलमध्ये आहेराची वही लिहिणारे नेतात, दवाखान्याच्या काउंटरवाले नेतात. फुलाचं पेन कोणी चुकून खिशात घालत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

मला दिलेलं पेन मी कपाटात टाकलं. पाहुण्यांसमोर तिच्या कामाचा विषय निघाला की म्हणायचे, ‘तेवढाच तिचा वेळ जातो.’ हे वाक्य लिहितानाही लाज वाटते. ती त्यातून मुलाच्या क्लासची फी भरत होती, आणि मला ते माहीत होतं.

दुसरीकडे वर्गात मी ब्लाश्का बापलेकांची गोष्ट रंगवून सांगायचे. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ या जर्मनीतल्या कारागिरांनी 1887 ते 1936 या काळात हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची फुलं घडवली. दाबून वाळवलेल्या नमुन्यांचा रंग आणि आकार जातो, म्हणून विद्यार्थ्यांना शिकायला काचेचे नमुने. चार हजारांवर नमुने! ते सांगताना माझा आवाज भरून यायचा. म्हणजे नकली फुलांशी माझं भांडण नव्हतंच. ती परदेशी संग्रहालयात असली तर कला, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असली तर फावल्या वेळाचा उद्योग. माझं तत्त्व एवढंच होतं.

तडा गेला तो जास्वंदीमुळे. गौरी-गणपतीच्या आधी कुठल्याशा मंडळाची मोठी ऑर्डर आली होती. मी पाणी प्यायला उठले, तर ही अजून जागी. समोर वाटीत अंगणातली खरी जास्वंद. मला पाहून म्हणाली, ‘ताई, बरं झालं आलात. हे वरचे लाल ठिपके पाचच असतात ना? सगळ्या फुलांना?’

पाचच असतात. जास्वंदीचे पुंकेसर एका नळीला चिकटलेले असतात, त्या नळीतून स्त्रीकेसर वर येतो आणि त्याच्या टोकाला पाच कुक्षी असतात. दरवर्षी मी ही आकृती फळ्यावर काढते आणि दरवर्षी निम्मा वर्ग त्या ठिपक्यांना परागकोश म्हणून नाव देतो. हिने ते पुस्तकाशिवाय, नुसतं बघून वेगळे काढले होते. तारेला लाल दोरा गुंडाळलेला, त्याला गोंद लावून पिवळ्या रंगातल्या रव्यात घोळवलेलं, आणि शेंड्याला लाल दोऱ्याची पाच टोकं, प्रत्येकाला बारीकशी गाठ. मी खुर्ची ओढून बसले.

मग मीही एक पेन करायला घेतलं. टेप चिकटेचना. ‘ओढा तिला, ताणल्याशिवाय ती चिकटत नाही,’ जाऊ म्हणाली. एका हाताने टेप ताणायची, दुसऱ्याने पेन फिरवायचं. माझी टेप कधी तुटली, कधी सैल पडली. पाकळीची कड मेणबत्तीवर धरली तर ती काळी पडली. तिच्या हातून ती नुसती आत वळायची आणि सुटणारे धागे बसायचे. ग्लू गनच्या बारीक तारा माझ्या बोटांत गुंतल्या.

पण मला गप्प केलं ते पुढच्या गोष्टीने. पेन तयार झालं, की ती वहीत चार ओळी लिहून बघत होती. दिसायला छान असलेलं एक मोठं फूल तिने काढून टाकलं, कारण पेन मागे जड होत होतं. ‘लिहिताना हात दुखला तर काय उपयोग?’ आयुष्यभर पेन हातात धरलेल्या मला हे सुचलं नसतं.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, ‘पेनाला खरा जरबेरा कोण लावणार होतं? आमचं नुकसान ते माळा आणि तोरणं करतात.’ मुद्दा बरोबर आहे. जिथे ताजं फूल वाहिलं जायचं तिथे प्लॅस्टिक आलं, की बागायतदार मरतो, आणि दोन सणांनी ते प्लॅस्टिक नाल्यात सापडतं. त्या माळांवर बंदी यावी, हे माझं मत आजही तसंच आहे.

जावेची माफी मी मागितली. ‘अहो, त्यात काय,’ म्हणून तिने विषय बदलला. माझं ते वाक्य तिला ऐकू गेलं होतं की नाही, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही.

तुमच्याकडे असं पेन असेल तर एक विनंती. शाई संपली म्हणून ते टाकू नका. चांगली करणारी बाई पुढचं फिरकीचं टोक टेपने झाकत नाही, मोकळं ठेवते. ते उघडा आणि नवी रिफिल घाला.