अर्ध्या गुणाचं जागरण

आधी कबूल करून टाकतो. २८ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीपर्यंत मी गोल्फला खेळात धरतच नव्हतो. पांढऱ्या टोपीतली श्रीमंत माणसं गवतावर फिरतात, मागून एकजण त्यांचं ओझं वाहतो आणि मध्येच कुणीतरी दबक्या टाळ्या वाजवतं, एवढीच माझी कल्पना. आता मात्र मी दिसेल त्याला अडवून रायडर कपबद्दल सांगत सुटलोय. परवा नांदेडात आमच्या भाजीवाल्यालाही सांगितलं. त्याने शांतपणे कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाला, "सुटे द्या."

खरं तर त्या रात्री मी हैदराबादेत असायलाच नको होतो. नवरात्रात आत्याकडे चार दिवस यायचं आणि शनिवारच्या बसने परतायचं, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता. पण शुक्रवारी उस्मानसागर आणि हिमायतसागर धरणांची दारं उघडली, मुसी नदी फुगली आणि रात्रीतून थेट महात्मा गांधी बसस्थानकात शिरली. शनिवारी तिथून गाड्या सुटणं बंद. आत्या म्हणाली, "मुसीनं थांबवलंय ना, मग थांब की! आमच्या सांगण्यानं तू कधी थांबलास?" तिचं घर कोठीत, सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली साड्यांचं दुकान, वर लाकडी जिना आणि त्याहून वर पत्र्याच्या डब्यांत मेथी-पालक लावलेली गच्ची. आतोबा विवेकवर्धिनीतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून आठवण करून दिली, "१९०८ सालचा मुसीचा महापूर २८ सप्टेंबरचाच." त्या पुरात अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली होती. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात अजून उभं आहे.

रविवारी रात्री आशिया कपची फायनल होती, भारत-पाकिस्तान. कोठीतल्या दुकानांची शटरं लवकर पडली. पाकिस्तान १४६ वर आटोपलं, मग आपले तीन गडी झटपट गेले आणि खोलीत कुणी बोलेना. नंतर मात्र आपला तिलक वर्मा! ('आपला' म्हणायचा हक्क तिथे फक्त आत्याला होता. तो हैदराबादचा, मी नांदेडचा.) नाबाद ६९. रिंकू सिंगने खेळलेल्या एकमेव चेंडूवर चौकार मारला आणि गल्लीत लवंगी माळांचा धूर झाला. बारा वाजले असतील. नंतर बक्षीस समारंभ सुरूच होईना. ट्रॉफी कुणाच्या हातून घ्यायची यावरून घोळ चालू होता. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. शेवटी आपल्या पोरांनी हातात कपच नसताना तो उचलल्याचा अभिनय करून जल्लोष केला.

याच रिकाम्या वेळात आतेभाऊ म्हणाला, "दादा, ते सोड. खरी मॅच इकडे आहे."

हा आतेभाऊ हायटेक सिटीत रात्रपाळी करतो. त्याची गिऱ्हाईकं न्यूयॉर्कची, म्हणून त्याचं घड्याळही तिकडचंच. त्याने मोबाईल टीव्हीला जोडला. पडद्यावर हिरवं गवत, दुतर्फा हजारो माणसं, आणि ती माणसं ओरडत होती! गोल्फला! दबक्या टाळ्यांचं कुठे नावही नव्हतं. सुलतान बाजारात दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी असतो तसला गलका. न्यूयॉर्कजवळचं बेथपेज ब्लॅक नावाचं मैदान, आणि रॉरी मॅक्लरॉय चेंडूवर वाकला की मागून शिव्या. तो सरळ उभा राहायचा, थांबायचा आणि पुन्हा वाकायचा. आदल्या दिवशी त्याच्या बायकोवर कुणीतरी दारूचा पेला फेकला होता म्हणे. हा असला गोल्फ मला आजवर कुणी दाखवलाच नव्हता.

"कोण विरुद्ध कोण?" मी विचारलं.

"अमेरिका विरुद्ध युरोप."

"युरोप म्हणजे कोणता देश?"

"सगळे."

इथेच मी खाटेवरून उठून खुर्चीत बसलो. फुटबॉलमध्ये एकमेकांच्या उरावर बसणारे इंग्लंड, स्पेन आणि आयर्लंड, शिवाय स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि स्कॉटलंड, सगळे एका निळ्या झेंड्याखाली. दोन्ही बाजूंना बारा-बारा जण. तीन दिवसांत अठ्ठावीस सामने. जिंकला तर एक गुण, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. पहिले दोन दिवस जोड्यांचे. त्यातल्या एका प्रकारात जोडीला मिळून एकच चेंडू, तो आळीपाळीने मारायचा. म्हणजे जोडीदाराने झुडपात घातला की बाहेर काढायचा तुम्ही. (आत्या म्हणाली, "म्हणजे संसारच की!" आतोबांना ते ऐकू आलं नाही.) तिसऱ्या दिवशी मात्र एकास एक.

आणि फटक्यांची बेरीज नाही! हे मला सगळ्यात आवडलं. प्रत्येक होल ही वेगळी कुस्ती. लहानपणी आम्ही गोट्या खेळायला जमिनीत गल खणायचो, तसा तो खळगा. त्यात ज्याचा चेंडू कमी फटक्यांत पडला त्याचं ते होल. एखाद्याने एका होलवर दहा फटके वाया घालवले तरी नुकसान तेवढ्या एका होलाचं, पुढे पाटी कोरी.

एव्हाना आतोबा चष्मा लावून, कॅलेंडरचं मागचं पान घेऊन बसले होते. दोन दिवसांचे गुण: युरोप साडेअकरा, अमेरिका साडेचार. "संपलंच की," मी म्हणालो. "संपलं कसं? बारा गुण बाकी आहेत," आतोबा कडाडले. वर्गात असेच कडाडत असणार. मग कळलं की बारा नाहीत, अकराच. नॉर्वेच्या व्हिक्टर हॉवलँडची मान धरली होती, तो खेळूच शकत नव्हता. अशा वेळेसाठी नियम काय असावा? दोन्ही कॅप्टनांनी आधीच एकेका खेळाडूचं नाव बंद पाकिटात घालून ठेवायचं. समोरच्या संघातला कुणी जखमी झाला की पाकीट उघडायचं, त्यातल्या खेळाडूने गपचूप बाहेर बसायचं आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण वाटून द्यायचा. अमेरिकेच्या पाकिटातून हॅरिस इंग्लिश निघाला. धडधाकट माणूस, दिवसभर नुसता बघत बसला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आतोबांनी कॅलेंडरवर मांडलं: युरोप बारा, अमेरिका पाच. कप आधीपासून युरोपकडे होता, म्हणजे चौदा झाले तरी तो त्यांच्याकडेच राहणार. त्यांना हवेत दोन. अमेरिकेला अकरातले साडेनऊ. (साडे, दीड, अडीच हे शब्द आपल्याला किती सहज येतात बघा. हा खेळ मराठीत समजून घ्यायला सोपा जातो तो त्यामुळेच, असं माझं ठाम मत झालंय.)

आणि मग अमेरिका उलटली! कॅमरन यंगने जस्टिन रोझला शेवटच्या होलवर हरवलं. थॉमसने फ्लीटवूडला. ब्रायसन डिशॅम्बो पाच होल मागे होता, पाच, तरी त्याने बरोबरी साधली. स्कॉटी शेफलर, जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आदल्या दोन दिवसांत चारच्या चार सामने हरलेला, त्याने मॅक्लरॉयला एका होलने नमवलं. शॉफलेने रामला. स्पॉनने स्ट्राकाला. पडद्यावर युरोपची निळी रेघ हलायला तयार नाही आणि लाल रेघ सरकतेय. युरोपचा जीव अडकला होता दोन ठिकाणी. स्वीडनच्या ओबरीने एक सामना जिंकला, आणि डिशॅम्बोच्या हातून सुटलेला अर्धा. साडेतेरा. आतोबांनी पेन्सिल कानावर ठेवली. अर्धा गुण हवा होता.

रात्रीचे अडीचच्या आसपास. मैदानात आयर्लंडचा शेन लाउरी, दाढीवाला, अंगाने भरलेला, आपल्या ओळखीचा एखादा शेतकरी वाटावा असा. समोर रसेल हेन्ली. हेन्ली एका होलने पुढे आणि खेळायला उरलेलं होल एकच, अठरावं. दोघांचेही चेंडू खळग्यापासून जवळ. हेन्लीने मारला, चेंडू खळग्याच्या अलीकडेच दमला. आता लाउरी. सहा-सात फूट. आत्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत असेल तेवढंच अंतर. पण मागे सगळं न्यूयॉर्क त्याच्या वाईटावर टपलेलं, आणि हा गेला नाही तर कप डगमगणार. तो वाकला. आत्याने नकळत जपमाळ उचलली होती. ती कुणासाठी, तिलाही ठाऊक नसावं.

चेंडू गेला. आत!

आणि तो माणूस नाचला! एखाद्या लहान पोरासारखा हात फिरवत, उड्या मारत गवतावर गोल फिरत राहिला. मी ओरडलो, आतेभाऊ ओरडला, खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. आतोबांनी पेन्सिल उतरवून चौदा लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. "पायरी बरोबर असली की मी अर्धा गुण द्यायचो," ते म्हणाले. "पोरं हसायची." पुढे हॅटनने अर्धा मिळवला, मग मॅकिन्टायरने अर्धा. शेवट पंधरा-तेरा. २०१२ नंतर युरोपने अमेरिकेत जाऊन जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतर झोप कसली! तांबडं फुटेपर्यंत आतेभावाच्या मोबाईलवर मी इतिहास उपसत बसलो. हा कप देणारा सॅम्युएल रायडर कोण असावा? बियाणांचा व्यापारी! इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्समध्ये तो एका पेनीला एक अशी फुलझाडांच्या बियांची पाकिटं टपालाने विकायचा. प्रकृती बिघडली म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मोकळ्या हवेसाठी गोल्फ शिकला आणि खेळाच्या प्रेमात पडला. (सकाळी हे आत्याला सांगितलं. बिस्किटांच्या डब्यातलं मेथीचं पाकीट उलटसुलट बघून ती म्हणाली, "बी चांगलं असणार त्याचं.") त्याने दिलेला कप सोन्याचा, जेमतेम सतरा इंच उंच. झाकणावर चेंडू मारणाऱ्या माणसाची बाहुली आहे. ती रायडरला खेळ शिकवणाऱ्या एब मिचेलची. १९२७ साली अमेरिकेतल्या वुस्टर इथे पहिला सामना ठरला, ब्रिटिश मंडळी बोटीने निघाली आणि मिचेल अपेंडिक्सच्या दुखण्याने घरीच राहिला. कपावर बसलेला माणूस कपाला मुकला! त्या वर्षी अमेरिकेने साडेनऊ-अडीच असा धुव्वा उडवला.

तेव्हा समोर फक्त ब्रिटन होतं आणि ते हरतच राहायचं. म्हणून १९७९ साली सगळ्या युरोपला दार उघडलं, बालेस्टेरोससारखे स्पॅनिश आले आणि पारडं फिरलं. त्याआधी १९६९ मध्ये एक नवल घडलं होतं. शेवटचा सामना, शेवटचं होल, सगळं बरोबरीत. अमेरिकेच्या जॅक निकलसचा चेंडू गेला. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला दोन-तीन फुटांचा फटका मारायचा होता, चुकला असता तर अमेरिका जिंकली असती. निकलसने चेंडूखालची खूण उचलली आणि तो फटका सोडून दिला, गेला असंच धरलं. कप इतिहासात पहिल्यांदा बरोबरीत, सोळा-सोळा. त्याच्या संघातले काही जण त्याच्यावर चिडले म्हणे. मीही चिडलो असतो. पण त्या क्षणाचा फोटो मी रात्री तीनदा पाहिला.

मग साहजिकच विचारलं: यात आपण कुठे? रायडर कपात नाहीच. पण त्याची एक बहीण आहे, प्रेसिडेंट्स कप, १९९४ पासूनची. अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग. तिथे २०१५ साली पहिला भारतीय खेळला, अनिर्बाण लाहिरी. लष्करी डॉक्टरचा मुलगा आणि जन्म, ऐका, पुण्याचा! दक्षिण कोरियात शेवटच्या दिवशी तो ख्रिस कर्कशी बरोबरीत होता. अठराव्या होलवर कर्कने पंधराएक फुटांवरून चेंडू घातला. लाहिरीचा फटका चारेक फुटांचा. हुकला. आणि कप अमेरिकेने साडेपंधरा-साडेचौदा असा एका गुणाने जिंकला. त्या चार फुटांबद्दल दहा वर्षं आपल्या एकाही कट्ट्यावर चर्चा झाली नाही! याच माणसाने २०१७ मध्ये जोडीदारासोबत एक सामना काढून अमेरिकेचा विजय एक दिवस लांबवला, तेही कुणाच्या गावी नाही.

मागे एकदा गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात 'हत्तियाँ का झाड' बघायला गेलो होतो. तिथे किल्ल्याच्या तटाला लागूनच गोल्फचं मैदान आहे. त्या दिवशी मी त्या हिरवळीकडे पाठ करून झाडाचे फोटो काढले. सोमवारी बस नव्हतीच, तेव्हा आतेभावाला म्हटलं, "चल, पुन्हा जाऊ." तो रात्रपाळीचा, घोरत होता. मी एकटाच गेलो आणि लांबून तासभर बघत राहिलो. एक म्हातारबुवा सहा फुटांवरून चेंडू घालत होते. चार वेळा चुकले. पाचव्यांदा गेला तेव्हा मी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. त्यांनी दचकून टोपी सावरली.

पुढचा रायडर कप सप्टेंबर २०२७ मध्ये आयर्लंडमधल्या अडेर मॅनरला आहे, लाउरीच्याच देशात. तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, जागरणाचीही गरज नाही. निदान रविवारचे एकेरी सामने तरी बघा, आणि बघताना जवळ कागद-पेन्सिल ठेवा.