गुडघ्याचा खटका

पलंगाच्या कडेला बसून बूट चढवायचा, मांडीचे पट्टे आवळायचे, पाय सरळ करायचा आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या खाली सरकवायच्या. खट्, खट्. मग उभं राहायचं. बसताना त्याच कड्या वर ओढल्या की गुडघा वाकतो. आमच्या कराडच्या घरात मी उठले की बसले, हे माजघरातल्या आईला या खटक्यावरून कळायचं.

१९६७ साली, मी चौदा महिन्यांची असताना, मला ताप आला. दोन दिवस उतरेना, म्हणून इंजेक्शन दिलं आणि तिसऱ्या दिवशी उजवा पाय उचलेना. माझ्या वयाच्या, पोलिओ झालेल्या कितीतरी जणांच्या घरी हीच हकिगत सांगतात. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मारतो. इंजेक्शनामुळे पोलिओ होत नाही. पण विषाणू अंगात असताना टोचलं, तर टोचलेला अवयव लुळा पडण्याची शक्यता वाढते, हे मी पुढे वाचलं. आईला कधी सांगितलं नाही. तिच्या मनातला खटका तसाही आयुष्यभर गेला नाही.

पोलिओचा पाय बधिर असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. माझ्या पायाला मुंगी चावलेली कळते, थंडीत तो सगळ्यांत आधी गार पडतो. त्याला सगळं कळतं, फक्त हलता येत नाही.

पहिलं कॅलिपर मुंबईला हाजी अलीच्या अपंग पुनर्वसन संस्थेत मिळालं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादा, म्हणजे माझे वडील, मला मांडीवर घेऊन गेले होते. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला चामड्याचा पट्टा, गुडघ्यावर चामड्याची वाटी, खाली तपकिरी बूट. मी वाढत गेले तशी कॅलिपरं तोकडी पडत गेली. मधल्या काळात बूट फाटला की मंडईजवळचे एक चर्मकार काका तो शिवून द्यायचे. ते पायाकडे बघत नसत, बुटाकडे बघत. "कुठं घासतंय गं?" एवढंच विचारायचे आणि बरोबर तिथेच आतून मऊ चामडं लावायचे. इतकं कामाचं बोलणारी माणसं मला पुढे फार थोडी भेटली.

गल्लीत मला लंगडी म्हणत. त्याच गल्लीत संध्याकाळी लंगडीचा खेळ रंगायचा आणि मी ओट्यावर बसून बघायचे. आठ वर्षांची असताना एक दिवस कॅलिपर काढून ओट्यावर ठेवलं आणि डाव्या पायावर रिंगणात उतरले. त्या खेळात पकडणारा एका पायावरच असतो, आणि माझा डावा पाय तर जन्मभर दोघांचं काम करत आलेला. त्या संध्याकाळी मी पाच गडी बाद केले. दुसऱ्या दिवसापासून गडी निवडताना माझं नाव आधी पुकारलं जाऊ लागलं.

कृष्णेत पोहायला शिकले तेव्हा पाठीला डबा बांधलेला होता. घाटावर कॅलिपर काढून ठेवायचं, भाऊ उचलून पाण्यात सोडायचा आणि तिथून पुढे मला कुणाची गरज नसायची. पाण्यात पाय वजन मागत नाही. महामार्गावर कराडच्या पुढे पेठ लागतं. तिथल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली लुळेपण आलं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. मी डबा बांधून हातपाय मारत होते, तेव्हा हे पदक इतक्या जवळच्या गावच्या माणसाकडे होतं. मला ते नाव कळलं २०१८ साली, त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा. शाळेत कुणी हे सांगितलं असतं तर, असं मला आजही वाटतं.

शाळेत मला दिलेलं काम वेगळंच होतं. सातवीत सहल आगाशिवच्या लेण्यांना गेली. पायथ्याशी बाई म्हणाल्या, "तू इथं डब्यांजवळ बस हं बाळ." आवाजात माया होती, म्हणून उलट बोलताही येईना. चाळीस डबे राखत मी झाडाखाली बसले. वरून मुलींच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. पुढच्या रविवारी भावाला घेऊन गेले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कॅलिपरचा, हे हाजी अलीला शिकवलं होतं. खटका लावलेला पाय काठीसारखा ताठ राहतो, दगडावर तो बाजूनं फिरवून ठेवावा लागतो. इतरांना पाऊण तास लागतो, मला अडीच तास लागले. मांडीला चामडं घासून रक्त आलं. वर वारा फार छान होता.

सोमवारी मी बाईंना सांगितलं, आणि तिथेच माझी एक चूक सुरू झाली. मला लेणी बघायची होती, ती बघून झाली होती. पण आता ते बाईंना दाखवायचंही होतं. नंतर प्रत्येक गोष्टीला हे दुसरं ओझं चिकटलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला चार पावलं चालायलाही न सांगता 'साइटवरच्या कामास अयोग्य' असं लिहिलं. मला पूल बांधायचे होते. दुसऱ्या गावात डिप्लोमाला प्रवेश मिळाला, तिथून पदवी, तिथून पुण्यात इमारतींचे आराखडे. अपंगांसाठी नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागांचा कायदा १९९५ साली झाला, तोवर मला नोकरीत सहा वर्षं झाली होती. साइटवर सगळ्यांच्या आधी मी पोचायचे, स्लॅब ओतताना रात्रभर उभी राहायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाही. लोक जिद्द म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

पन्नाशी उलटली आणि डावा पाय थकायला लागला. लंगडी घातलेला, आगाशिव चढलेला तो चांगला पाय. तरुण डॉक्टरांनी पोलिओ फक्त पुस्तकात वाचलेला. देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली हावड्यात सापडला, तेव्हा त्यांनी तो पाहावा तरी कुठे? शेवटी एका वयस्कर डॉक्टरबाईंनी समजावलं. आजारातून वाचलेल्या पेशी नव्या फांद्या फोडून मेलेल्या पेशींचे स्नायू सांभाळतात. चांगल्या वाटणाऱ्या पायातही असं घडलेलं असतं. एकेक पेशी वर्षानुवर्षं कित्येकींचं काम करते आणि मग दमते. औषध नाही. दमायच्या आधी बसायचं.

दमायच्या आधी बसणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी बाहेर येऊन गाडीत रडले. पायासाठी नाही. स्लॅबच्या त्या रात्रींसाठी, न घेतलेल्या खुर्च्यांसाठी.

आता कॅलिपर प्लॅस्टिकचं आहे, हलकं. लांब जायचं असेल तर चाकाची खुर्ची घेते. त्यामुळे माझं कामही बदललं. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो, हे मी नकाशावर वर्षानुवर्षं आखलं, आणि जागा वाचवायला बिल्डरनं तो चार फुटांत बसवला तरी वाद घालून गप्प बसले. आता त्या उतारावर माझी स्वतःची खुर्ची मागे घसरते. चार फुटांचा उतार मी सही करून पास करत नाही. गेल्या वर्षी दोन फोडायला लावले.

पोहणं सुटलेलं नाही. तलावाच्या काठावर कड्या वर ओढते, पट्टे सोडते, कॅलिपर बाजूला ठेवते. तिथं मला कुणाला काही दाखवायचं नसतं.

तुम्ही शिक्षक असाल आणि यंदा सहल काढणार असाल, वर्गात असं एखादं मूल असेल, तर त्याला डब्यांजवळ बसवण्याआधी एकदा विचारा, "तुला वर यायचंय का?" 'हो' म्हणालं तर दोन तास जास्तीचे धरा. 'नाही' म्हणालं तर तेही तितकंच खरं माना, आणि त्याच्याजवळ कुणालातरी गप्पा मारायला बसवा.