मोडी, बाळबोध आणि शेतीही

पुण्यातल्या खराडीत सकाळी ईऑन आयटी पार्कच्या दिशेने गाड्यांची रांग लागते. तिथून जवळच, अर्धवट उभ्या इमारतींच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोल्यांपुढे मजुरांची मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन उभी असतात. शिक्षण कशासाठी, हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही.

१९७९ साली फ्रेंच विचारवंत ल्योतार यांनी क्वेबेकच्या विद्यापीठ परिषदेसाठी एक अहवाल लिहिला. ‘हे खरं आहे का?’ असं न विचारता ‘याचा उपयोग काय, हे विकलं जाईल का?’ असं ज्ञानाला विचारलं जाऊ लागेल, हे त्यात त्यांनी मांडलं. खराडीत कोर्सच्या पाट्या वाचताना ते भाकीत दाराशी आल्यासारखं वाटतं.

पण म्हणून उपयोगाला नाकं मुरडावीत का? १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं हवं, ही त्यांची मागणी. त्यांच्या अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर इतिहास, भूगोल, शेतीची तोंडओळख, नीती आणि आरोग्याचे धडेही होते. पोट आणि विवेक यांची त्यांनी फारकत केली नाही. आजही हीच दृष्टी हवी.

महाकथनांवरचा, म्हणजे मुक्तीसारख्या सगळं कवेत घेणाऱ्या कथांवरचा, ल्योतार यांचा त्याच अहवालातला अविश्वास समजण्याजोगा आहे. मात्र जिच्या हाती अजून पाटीच आली नाही, त्या मुलीला मुक्तीची कथा संपली म्हणून सांगणं हा अन्याय आहे.

ती पाटी हाती देण्याचं काम चालतंही: रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात बांधकामांवरच मजुरांच्या मुलांचे वर्ग भरवते.