ते बोटीवर होते

आमच्या आजीच्या वडिलांविषयी आमच्या घरात तीन शब्दांचे एक वाक्य चालत आले आहे : ते बोटीवर होते. आजी हे वाक्य ज्या स्वरात म्हणत असे त्यात अभिमान होता आणि थोडी घाईही होती. वाक्य संपले की विषय बदले. बोट म्हणजे आगबोट, मुंबईहून धरमतरच्या खाडीत ये-जा करणारी. काळ एकोणिसाव्या शतकाचे शेवटचे दशक. काम आगवाल्याचे, म्हणजे भट्टीत कोळसा घालण्याचे. कवितेची ओळ कशी वाचावी हे वर्गात सांगण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांनी घरातल्या या एका ओळीचेही वाचन करून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही मळवलीला राहतो. येथे बसून खाडीतल्या बोटींविषयी लिहिणे कोणाला विचित्र वाटेल, कारण आमच्या गावाचे पाणी पूर्वेला जाते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी मळवलीच्या शिवारातून देहू-आळंदीकडे जाते, तुळापूरला भीमेस मिळते आणि पुढे कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला पोचते. पण त्याच कुरवंड्याच्या डोंगराखाली, जेथे १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची वाट अडवली त्या उंबरखिंडीत, अंबा नदीचे पात्र आहे. ही नदी जांभूळपाडा, नागोठणे अशी उतरत जाते, धरमतरपाशी तिची रुंद खाडी होते आणि रेवसला ती समुद्रात शिरते. आजीच्या वडिलांची बोट चाले ती या अंबेच्या पाण्यावर. मळवलीचा समुद्राशी संबंध तसा जुनाच आहे. समोरच्या कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याहून आलेल्या दात्याचे नाव कोरलेले आहे. बंदर आणि घाटमाथा यांच्यामधल्या वाटेवर हे खोरे दोन हजार वर्षे उभे आहे.

त्या वाटेचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास थोडक्यात असा. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. तेव्हा पुण्याहून मुंबईस जाणारा मनुष्य पनवेलपर्यंत रस्त्याने येई आणि तेथून बोटीने मुंबई गाठी. महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक मुंबईहून आगबोटीने नागोठण्यास उतरत व पालखीने महाडच्या वाटेला लागत. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा तुकडा सुरू झाला. मधला घाट पाच वर्षे पालख्या, तट्टे आणि हमाल यांच्या हवाली होता. १८६३ साली घाटातले रूळ जोडले गेले आणि पुण्याच्या उतारूला पनवेलच्या बोटीची गरज उरली नाही. मळवलीचे स्थानक ज्या मार्गावर आहे तो मार्ग हाच. अंबेच्या खाडीला मात्र रेल्वे आली नाही, म्हणून तेथे आगबोट टिकली. संपूर्ण कोकण रेल्वे धावू लागायला १९९८ साल उजाडले. आगबोटीचे आयुष्य तिच्या यंत्रावर जेवढे अवलंबून होते, त्याहून अधिक ते रूळ कोठे पोचले नाहीत यावर होते.

ही गोष्ट कोकणापुरती नाही. सिंध प्रांत १८४३ साली इंग्रजांनी घेतला आणि पुढे १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यात होता. म्हणजे आपल्या इलाख्याची उत्तर सरहद्द सिंधू नदीच्या काठी होती. त्या नदीवर १८३५ सालीच ‘इंडस’ नावाची आगबोट फिरली होती आणि पुढे तेथे बोटींचा एक ताफाच उभा राहिला. सरहद्दीवरच्या फौजांना माणसे, दारूगोळा आणि धान्य पोचवणे हे त्याचे मोठे काम. त्या बोटी पुष्कळदा काठावरचे लाकूड जाळीत. पुराबरोबर वाळूचे दांडे जागा बदलीत, म्हणून पुढे एक माणूस बांबूने पाण्याची खोली मोजत उभा असे आणि रात्री बोट काठाला बांधून ठेवावी लागे. १८६१ साली कराची ते कोटरी आणि १८७८ साली कोटरी ते मुलतान असे रूळ पडले आणि त्या ताफ्याचे दिवस भरले. सिंधू आणि अंबा यांची तुलना करण्याचे कारण नाही, एक महानद आहे आणि दुसरी डोंगरातून उतरलेली लहान नदी. पण उथळ पाण्यात आगीच्या जोरावर बोट हाकणाऱ्या माणसांची अडचण दोन्हीकडे एकच होती. वाऱ्याच्या ताब्यातून त्यांची बोट सुटली होती, पाण्याच्या ताब्यातून सुटली नव्हती.

कोकणात पाण्याचा हा ताबा तिथीने मोजला जाई. कोळ्यांचा आणि खलाशांचा हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे मुंबईच्या बंदरात भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला मध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या आसपास. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येनंतर उधाण येते आणि पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. अष्टमीच्या पुढेमागे भांग असते, तेव्हा पाणी पुरते भरतही नाही आणि पुरते सुकतही नाही. नागोठण्याच्या बाजूला वर जायचे तर भरतीच हवी. वेळ चुकली की बोट चिखलावर बसे आणि पुढच्या पाण्यापर्यंत, म्हणजे सहा-सात तास, बसून राही. मुंबईच्या धक्क्यावर घड्याळाची वेळ होती आणि खाडीत तिथीची. या दोन काळांच्या मध्ये बोट चालत असे.

येथे आगवाल्याचे काम सुरू होते. शिडाचे गलबत भरतीची वाट पाहते तेव्हा त्याला खर्च येत नाही, खलाशी सुपारी कातरत बसतात. आगबोटीला वाट पाहतानाही जळावे लागते. बॉयलर थंड होऊ दिला तर पुन्हा वाफ धरायला काही तास लागतात, म्हणून भट्टीतली आग राखेखाली दाबून जिवंत ठेवायची आणि पाणी चढू लागले की ती पुन्हा फुलवायची. कोळसा नेमका टाकायचा, जाळीवर पातळ आणि सारखा पसरायचा. भट्टीचे दार गरजेहून क्षणभर अधिक उघडे राहिले की थंड हवा आत शिरते आणि वाफेचा दाब उतरतो. कोळशातली माती वितळून जाळीवर खडा धरतो, तो लांब सळईने फोडून ओढून काढायचा. काचेच्या नळीत बॉयलरचे पाणी दिसते, त्यावर सतत डोळा ठेवायचा, कारण पाणी उतरले तर पत्रा जळतो आणि बॉयलर फुटू शकतो. जुन्या बॉयलरांना तर समुद्राचे पाणीच घालीत, त्यामुळे आत मिठाची खपली धरे आणि ती खरवडून काढावी लागे. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या बंदरांच्या बोटी बंद होत. खाडीतली वाहतूक तेव्हाही चालू राही, म्हणून त्याला सुट्टीचा ऋतू असा नव्हता.

हे सारे करीत असताना त्याला खाडी दिसत नसे. वरून सारंग घंटा वाजवी, तिच्या ठोक्यांवरून पुढे, मागे, सावकाश, थांब एवढे कळे. रेवस मागे पडले, तिवरांची किनार जवळ आली, सूर्य करनाळ्याच्या मागून वर आला, हे वरच्या उतारूंचे. उतारूंनी प्रवास केला तो मुंबई ते धरमतर. त्याने केला तो भट्टी ते कोळशाचा ढीग. आमच्या आईने पुढे एकच तपशील सांगितला होता : आजीच्या वडिलांना उतारवयात ऐकू कमी येई, आणि घरातली माणसे त्यांच्याशी हाताच्या खुणांनी बोलत. यंत्राशेजारी वर्षे काढलेल्या माणसाच्या बाबतीत हे कोणाला नवल वाटू नये.

आता वाक्याकडे परत येऊ. ‘ते बोटीवर होते.’ मराठीत आपण गाडीत असतो, घरात असतो, पण कामाला असतो तेव्हा बोटीवर असतो. बोटीवर नोकरी, शेतावर मजूर, कामावर हजर. या ‘वर’मध्ये उंचीचा अर्थ नाही, नेमणुकीचा आहे. तरी ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभे राहते ते वरचे, डेकचे, वाऱ्याचे. आजीचे वडील बोटीवर होते खरे, पण दिवसातला बहुतेक वेळ ते बोटीच्या तळाशी होते. वाक्य खोटे नाही. ते प्रतिष्ठित आहे. गावात सांगता येईल असे आहे. भट्टी, काजळी, कोळसा यांतले काहीच त्यात येत नाही. घाई होती ती बहुधा याची. पुढचा प्रश्न ‘बोटीवर काय होते?’ हा असे, आणि तो येण्याआधी विषय बदलणे बरे.

आपल्या वाङ्मयाचीही या बाबतीत थोडीफार हीच रीत आहे. प्रवास लिहितो तो प्रवासी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली पायी निघाले, म्हणून ‘माझा प्रवास’ आपल्याला मिळाला. त्यांच्याजवळ सांगण्याची भाषा होती आणि ऐकणारे होते. कष्टाची वाहने चालवणाऱ्यांजवळ भाषा नव्हती असे मुळीच नाही, ती कागदावर उतरण्याची सोय नव्हती. बोट आपल्या स्मरणात राहते ती बुडाल्यावर. शेपर्ड कंपनीची ‘वैतरणा’ १८८८च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली आणि ‘वीजळी’ या नावाने गुजराती लोकगीतात राहिली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तिची आठवण कोकणात अजून निघते. निघावीच. पण जी बोट रोज सुखरूप पोचली, पन्नास-पन्नास मिनिटे पुढे सरकत वर्षानुवर्षे पोचत राहिली, तिचे गाणे होत नाही. जो आगवाला कधी चुकला नाही त्याची कथा होत नाही. कथेला अपघात लागतो, आणि त्याचे सारे कौशल्य अपघात होऊ न देण्याचे होते.

मग अशा आयुष्याचा माग कोठे घ्यावा? आमच्या मते शब्दांत. ‘आगबोट’ हाच शब्द घ्या. काही लेखकांनी ‘अग्निबोट’ असे संस्कृत रूप वापरून पाहिले, पण लोकांनी ठेवली ती चुलीतली आग, आणि तिला इंग्रजी बोट जोडली. सारंग फारसीतून आला, खलाशी अरबीतून, भरती-ओहोटी घरची. एका लहान बोटीवरची ही शब्दसंपत्ती कोणत्याही पंडितसभेने ठरवली नाही. ती घंटेच्या ठोक्यांबरोबर, पोटापाण्यासाठी एकत्र आलेल्या माणसांत घडली. जोडशब्दात आगीला पहिले स्थान देणाऱ्यांना त्या बोटीचे मर्म कळले होते, असे आम्हांला वाटते.

आजीने धरमतरच्या काठचे माहेर सोडले, लग्न होऊन ती घाटावर आली आणि उरलेले आयुष्य तिने मळवलीच्या रुळांजवळ काढले. तरी लोणावळ्याची लोकल धरायची असली तरी ती आधी विचारी, आज तिथी कोणती? आम्ही मुले हसत असू. गाडीला तिथीशी काय कर्तव्य! तिच्या लेखी मात्र निघण्याच्या वेळेचा तिथीशी संबंध तिच्या वडिलांच्या घरातच पक्का झाला होता. ते बोटीवर होते याचा आमच्यापर्यंत पोचलेला खरा पुरावा हा प्रश्न आहे, ते वाक्य नव्हे.

धरमतरच्या खाडीत आज डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी बार्जमधून कोळसा येतो. त्या बार्जही पाणी पाहूनच आत शिरतात. त्यांवर जी माणसे काम करतात त्यांच्याविषयीही त्यांच्या घरी कोणी तरी सांगत असेल, ते बोटीवर आहेत. ऐकणाऱ्याने तेथेच न थांबता विचारावे, काय काम करतात?