दगडाची ओंजळ

दगडात झाड लावणे ही मराठी घराला नवी गोष्ट नाही. अंगणातले दगडी तुळशीवृंदावन हे झाडासाठी घडवलेले पात्रच होय. वृंदावन पणजोबांच्या काळचे असते. त्यातली तुळस मात्र वाळली की नवी लावली जाते. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि मराठी घरे तेथे पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत. पुढे अंगणे आखडली, झाडे गच्चीवर चढली आणि कुंड्या हलक्या झाल्या. शहरातील विजय नगरसारख्या वसाहतीत आज प्लास्टिकची कुंडी सहज मिळते. तरीही बोन्साय जोपासणाऱ्या हौशी माणसाचे मन कधी ना कधी दगडाकडे वळते.

‘बोन्साय’ या जपानी शब्दातच त्याचे कारण सापडते. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लावणे. झाडाच्या बरोबरीने भांड्याचा मान त्या नावातच आहे. जपानला ही कला चीनकडून मिळाली. चीनमधील राजपुत्र चांगह्वाय याच्या इ. स. ७०६ मधील थडग्यात, खडे आणि इवली झाडे मांडलेले तबक नेणारा सेवक भिंतीवर रंगवलेला आहे. पांढऱ्या संगमरवराच्या उथळ तबकात झाडे आणि खडक मांडण्याची रीत चीनमध्ये आजही आहे. भाजलेल्या कुंडीत झाड ठेवल्यासारखे दिसते. ओबडधोबड दगडाच्या खळग्यात ते उगवल्यासारखे दिसते. हा फरक एकदा डोळ्यांना कळला, की कुंडी नकोशी होते.

विजय नगरच्या रहिवाशाला असे झाड पाहण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. मदनमहालच्या टेकडीवर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकमेकींवर विसावल्या आहेत. त्यांतील प्रसिद्ध ‘संतुलित शिला’ २२ मे १९९७ च्या भूकंपातही ढळली नाही. अशा खडकांच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचे बी पडते. चिमूटभर मातीवर ते रुजते, आणि मुळे दगडाला कवटाळून खाली ओल शोधत जातात. माळी फक्त हेच दृश्य हातभर उंचीत पुन्हा मांडू पाहतो.

दगड कोणता घ्यावा, हा पहिला प्रश्न. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर भेडाघाट आहे. तेथे नर्मदेच्या दोन्ही काठांवर संगमरवराचे कडे उभे आहेत, आणि मऊ दगडातून मूर्ती व शोभेच्या वस्तू कोरणारे कारागीर आहेत. शंखजिऱ्याचा दगड तर इतका मऊ, की कानशीनेही झिजतो. नवशिक्याने त्यावरच हात बसवावा. संगमरवर देखणा खरा, पण तो पडला चुन्याच्या घराण्यातला. त्याचा अंश हळूहळू मातीत उतरतो. अझेलियासारख्या आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडाची पाने मग पिवळी पडू लागतात आणि माळी उगाच खत वाढवत बसतो. वड, पिंपळ, उंबर यांना त्याचे फारसे काही वाटत नाही. ग्रॅनाइट या बाबतीत निर्धोक आहे. मात्र तो हिरेजडित पात्याखेरीज दाद देत नाही.

काही दगड मात्र जागेवरून हलवूच नयेत. लम्हेटाघाटचा खडक खळग्याखळग्यांचा असल्याने मोह पाडतो. पण जबलपूरच्या याच थरांत १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना प्रचंड प्राण्यांची हाडे सापडली. ती डायनासोरची असल्याचे पुढे स्पष्ट झाले. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. कुंडीसाठी अशा ठिकाणचा तुकडा उचलणे म्हणजे ग्रंथाचे पान फाडून पुडी बांधणे होय. दगडकाम करणाऱ्यांकडे उरलेल्या तुकड्यांचे ढीग पडलेले असतात. बोन्सायला तेवढे पुरे आहेत.

घडवण्याचे काम संयमाचे आहे. आधी दगड धुऊन हातोडीने हलकेच वाजवावा. खणखणीत नाद आला तर तो अखंड; बद्द आवाज आला तर आत चीर आहे, आणि असा दगड शेवटच्या घावाला दुभंगतो. मग पाणी जाण्याचे भोक पाडावे. ते एकाच बाजूने आरपार नेले तर खालच्या अंगाची खपली उडते. म्हणून अर्धे वरून आणि अर्धे खालून पाडतात. त्यानंतर खळगा. ठरावीक खोलीपर्यंत जवळजवळ भोके पाडून मधल्या भिंती छिन्नीने उडवाव्यात. मधून सुरुवात करून काठाकडे यावे, आणि काठ दोन-तीन सेंटिमीटर तरी जाड राखावा. खळगा वर रुंद व तळाशी अरुंद हवा. दर दोन-तीन वर्षांनी मुळे छाटण्यासाठी झाड बाहेर काढावे लागते. तोंड निमुळते असेल, तर त्या दिवशी झाड तरी मोडते किंवा दगड तरी फोडावा लागतो. बाहेरचे अंग मात्र शक्यतो निसर्गाने घडवले तसेच राहू द्यावे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. येथे सारे घाव आतल्या बाजूला, मातीखाली झाकून जाणारे.

धुळीबाबत कोणीही हयगय करू नये. ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. दगडखाणींतील किती तरी मजुरांचे आयुष्य त्याने अकाली संपवले आहे. हौसेच्या कामातही दगडावर पाणी सोडत राहावे आणि धूळ अडवणारा योग्य मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

पात्र तयार झाल्यावर त्यात पाणी ओतून पाहतात. ते तळाशी साचून राहिले, तर तळाला भोकाकडे उतार देण्यासाठी पुन्हा छिन्नी हाती घ्यावी लागते. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. भोकावर जाळीचा तुकडा, त्यावर भरड माती आणि खाली आधाराला चार चपट्या चिपा, एवढे झाले की झाड लावता येते. जागा मात्र आधीच ठरवलेली बरी. एक घनफूट ग्रॅनाइटचे वजन सुमारे पंचाहत्तर किलो भरते. मोठे पात्र गच्चीच्या मध्यावर ठेवण्यापेक्षा खालच्या भिंतीच्या रेषेवर ठेवतात, आणि ते उचलायला शेजारच्या दोघांना हाक मारावी लागते.