वहीत बसणारा संघ

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ कसा असावा हे सांगणारी माणसं पावलापावलाला भेटतात. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. यंदा आमच्या पेठेतल्या तालमीनं, म्हणजे फुटबॉल क्लबनं, मला संघबांधणीच्या समितीत घेतलं. मी पतसंस्थेत हिशेब बघतो आणि समितीला वही सांभाळणारा माणूस हवा होता. पहिल्या बैठकीला बसलो आणि मनातला संघ नि वहीतली शिल्लक यांची गाठ कुठं घालायची हेच कळेना.

आमची तालीम पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस यांच्या ताकदीची नाही. तरी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमधल्या १६ वरिष्ठ संघांत आम्ही आहोत आणि तिथं टिकायचं आहे. जमेच्या बाजूला पेठेतली वर्गणी, चार-दोन दुकानदार आणि जर्सी देणारा एक बांधकाम व्यावसायिक. सतेज चषक, अटल चषक अशा स्पर्धांची बक्षिसं चांगली असतात, पण ती जमेत धरायची नाहीत हे मला सुरुवातीलाच बजावण्यात आलं. न जिंकलेल्या चषकाच्या भरवशावर कबूल केलेलं मानधन मार्चमध्ये द्यायचं कुठून?

मी नवी वही घेऊन हव्या असलेल्या खेळाडूंची नावं लिहायला लागलो. शेजारी आमचे अण्णा बसले होते. तारुण्यात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळलेले, आता गुडघ्याला पट्टा बांधून चालतात. म्हणाले, "कोण पायजे ते मागनं लिव्ह. आदी कोण ऱ्हाणार हाय ते लिव्ह."

तसं लिहिलेलं ते पान आजही माझ्यासमोर आहे. प्रत्येक जागेला एक ओळ: गोलरक्षक, दोन स्टॉपर, दोन्ही बगला, मधली फळी, आघाडी. नावापुढं वय, आणि त्यापुढं अण्णांनी सांगितलेला एक रकाना, ज्याचा अर्थ मला लवकर लागेना. त्यात लिहिलं होतं: बारावी. पोलीस भरती. शिरोलीत रात्रपाळी. लग्न, मे. डावा गुडघा. आमचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत जातो. ऐन लीगमध्ये बोर्डाची परीक्षा येते, भरतीची मैदानी चाचणी येते, कारखान्यात पाळी बदलून मिळत नाही. कागदावर भरलेला संघ फेब्रुवारीत अर्धा रिकामा होतो, आणि तो कुठल्या जागी रिकामा होणार हे ऑक्टोबरातच वाचता येतं. आमच्या पानावर भोक पडत होतं ते स्टॉपरच्या जागेला. दोघांपैकी एक भरतीच्या तयारीत, दुसरा तोच डावा गुडघा.

पेठेला मात्र हवा होता स्ट्रायकर. चौकात, चहाच्या गाड्यावर, मोबाइलवर, सगळीकडं तीच मागणी. ते चूक आहे असं मला वाटत नाही; गोल करणाऱ्यासाठीच माणसं उन्हात बसतात. गोवा, केरळ, कोलकाता, थेट आफ्रिकेतल्या खेळाडूंचे व्हिडिओ माझ्या फोनवर यायला लागले. तीन-चार मिनिटांत गोलावर गोल. एका रात्री ते सगळे ओळीनं पाहिले आणि पुरता गोंधळलो, कारण त्यात एकही खेळाडू वाईट नव्हता. चेंडू गमावल्यावर तो काय करतो, सत्तराव्या मिनिटाला त्याची चाल कशी असते, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

मग आकडे मांडले, आणि तिथं मला जरा पायाखाली जमीन लागली. मध्यस्थ सांगतो तो आकडा मानधनाचा असतो. त्याच्याखाली खोलीचं भाडं आणि अनामत, मेस, येण्याजाण्याचा खर्च, आगाऊ रक्कम, आणि दुखापत झाली तर दवाखाना. त्यात फुटबॉल महासंघाकडची ऑनलाइन नोंदणी. एखादा कागद अडला तर पोरगा खोलीवर बसून जेवतो आणि सामना पुढं निघून जातो. शिवाय बाहेरचे किती खेळवायचे याला नियमाची मर्यादा आहे. एका बाहेरच्या स्ट्रायकरची पूर्ण बेरीज केली तेव्हा आमच्या सगळ्या स्थानिक बचावफळीचं वर्षाचं मानधन त्यात बसत होतं.

अण्णा मला गांधी मैदानावर सराव बघायला घेऊन गेले. पावसाचं पाणी नुकतंच ओसरलेलं, एका बाजूला अजून चिखल. करवीर तालुक्यातल्या एका गावाकडचा पोरगा खेळत होता. अण्णा म्हणाले, "चेंडूकडं बघू नगंस. फकस्त त्येच्याकडं बघ." पायऱ्यांवर बसून इतकी वर्षं सामने पाहिले, पण चेंडू सोडून एकाच माणसाकडं बघायचं कधी मनात आलं नव्हतं. डोळे सारखे चेंडूकडं पळत. हळूहळू दिसायला लागलं. चेंडू पलीकडच्या बगलेला असतानाच हा मान वळवून आपल्या पाठीमागचा गडी कुठं आहे ते बघायचा. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. शेजारचा बचावपटू चढाईला गेला की हा न सांगता त्याच्या जागेकडं दोन पावलं सरकायचा. एकदाही घसरून टॅकल करायची वेळ त्याच्यावर आली नाही, कारण तो आधीच तिथं असायचा. व्हिडिओत घालण्यासारखं त्यानं काहीही केलं नाही. त्याचं मानधन आमच्या आवाक्यातलं होतं, ते ह्याच कारणानं असं मला वाटतं.

समितीत मी ऐजॉलचं उदाहरण मांडलं. मिझोरामचा ऐजॉल एफसी २०१६ मध्ये आय-लीगमधून खाली गेला होता. पुढच्या हंगामात त्याला पुन्हा जागा मिळाली. मुंबई एफसीला अनेक वर्षं शिकवलेले खालिद जमील तिथं प्रशिक्षक म्हणून गेले. स्थानिक मिझो पोरं हा संघाचा कणा. त्यात भर घातली ती नेमक्या जागी: गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स, खालिदना माहीत असलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी झाली आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरूसारख्या श्रीमंत संघांना मागं टाकून ऐजॉल विजेता ठरला. पुढच्याच हंगामात खालिद आणि अल अमना दोघंही ईस्ट बंगालला गेले, राणेही बाहेर पडला. लहान क्लबनं माणूस ओळखला, घडवला, आणि मोठ्यानं नेला.

हे ऐकल्यावर समितीतला एकजण म्हणाला, "म्हंजे आपण राबायचं आणि दुसऱ्यांनी न्यायचं?" प्रश्न खरा होता. आमच्याही तालमीतून दरवर्षी नोंदणीच्या वेळी एखादा चांगला गडी जातो. त्याला दोष देववत नाही. खेळायची वर्षं थोडी असतात. पण जाणाऱ्यांशी आणि राहणाऱ्यांशी मी निवांत बोललो तेव्हा पैशाच्या आकड्याइतकंच दुसरं काही सारखं ऐकू आलं. मानधन ठरल्या तारखेला मिळालं का. दुखापत झाल्यावर एमआरआयचे पैसे कुणी भरले. संघात जागा मिळणार की राखीव खेळाडूंत बसवणार. एका पोरानं सांगितलं की गुडघा दुखावल्यावर एका तालमीचे फोनच यायचे बंद झाले. तो यंदा कमी पैशात आमच्याकडं आला, आधी फिजिओ दाखवाल का एवढंच विचारून.

मोठ्या तालमींच्या आकड्याला आम्ही पुरे पडणार नाही. तारीख पाळणं मात्र आमच्या हातात आहे, आणि हिशेबाच्या माणसाला त्यात करण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून मी समितीला सरळ सांगितलं: एकूण रकमेतून आधी दवाखान्याचा निधी बाजूला काढायचा, मग दर महिन्याच्या मानधनाचे हप्ते बांधायचे, आणि उरेल त्यात नवे खेळाडू बघायचे. वाद बराच झाला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की गोल झाले नाहीत तर लोक येणार नाहीत, लोक आले नाहीत तर वर्गणी आटेल. त्यात तथ्य आहे. तरी शेवटी ठरलं ते असं: गावाकडचा स्टॉपर घ्यायचा, जुना गोलरक्षक चार पैसे वाढवून राखायचा, बाहेरचा एकच खेळाडू आणि तोही मधल्या फळीत. आघाडीला आमच्याच सतरा वर्षांखालच्या संघातल्या दोन पोरांना आळीपाळीनं उतरवायचं. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या पोरांत काय आहे ते मैदानात उतरवल्याशिवाय कळत नाही, असं अण्णांचं म्हणणं आणि माझंही.

नोंदणी पार पडली. लीग सुरू व्हायची आहे, आणि हा संघ किती टिकेल ते मैदानावरच ठरेल.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगायला हवी, कारण ती पायऱ्यांवरून दिसत नाही. हिशेबाच्या जुन्या वह्या चाळताना कळलं की आपल्या पेठेची निम्म्याहून जास्त वर्गणी येते ती पहिला मोठा सामना जिंकल्यावर, ईर्ष्या पेटल्यावर. खेळाडू मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरतात, आणि तेव्हा पेटी रिकामी असते. तेव्हा मंडळी, पुढच्या वर्षीपासून जे काही देणार असाल ते दिवाळीच्या आत द्या. शंभर द्या, पाचशे द्या, पण नोंदणीच्या आधी द्या. पावती मी स्वतः घरी आणून देईन.