कागदाच्या मागे

सरकारी नोकरीत जन्म काढणाऱ्या माणसाने कागदाच्या मागे धावावे यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. प्रथम आम्हीही तसेच म्हणालो होतो. परंतु कुंभकोणमला बदली होऊन आल्यावर दर रविवारी पहाटे ज्या कागदामागे आम्ही धावू लागलो, त्यावर ना जावक क्रमांक असे, ना कोणाची सही.

खेळ असा : एकाने ससा व्हायचे. ससा सर्वांच्या आधी निघतो आणि पिशवीतले कागदाचे कपटे टाकीत गल्ल्यांतून, केळीच्या बागांतून, भातखाचरांच्या बांधावरून वाट आखीत जातो. इतरांनी तो माग काढायचा. माग मध्येच तुटतो, कधी मुद्दाम घातलेल्या खोट्या वाटेला लागतो. चपळ मंडळी त्या वाटेने दूर जाऊन हात हलवीत परततात, तोवर आमच्यासारखे पोट सुटलेले मागून येऊन पोहोचतात. धावायचे सर्वांनी आणि जिंकायचे कोणीच नाही, ही व्यवस्था कचेरीत वावरलेल्या माणसास फार मानवते. ज्याला खरी वाट सापडेल त्याने 'ऑन ऑन' अशी आरोळी ठोकावी, एवढाच काय तो नियम.

इंग्रजांच्या शाळांतून हा खेळ जुनाच आहे. १९३८ साली क्वालालंपुरात गिस्पर्ट नावाच्या एका हिशेबनिसाने मित्र जमवून त्याची मंडळी काढली. सेलांगोर क्लबच्या ज्या इमारतीत त्यांच्यातले काही जेवत, तेथल्या रोजच्या त्याच त्या अन्नाची थट्टा म्हणून तिला 'हॅश हाउस' म्हणत. तेच नाव मंडळीला चिकटले. तीही घरापासून दूर नोकरी करणारी, खाणावळीला विटलेली माणसे! गिस्पर्ट १९४२ साली सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्ध संपल्यावर मित्रांनी पुन्हा धावावयास आरंभ केला, आणि आज जगभर अशा मंडळ्या आहेत. आमच्या एका तमिळ स्नेह्याने क्वालालंपुरात काही वर्षे काढली होती. त्यानेच हे वेड येथे आणले. तिकडे शेवटी बिअर असते. आमच्याकडे पितळी टंबलरातली डिग्री कॉफी. त्यात आमचे काही बिघडले नाही.

पहिला प्रयोग मात्र फसला. तिकडे पुष्कळ ठिकाणी कागदाऐवजी पिठाने खुणा करतात, म्हणून आमच्या सशाने तांदळाच्या पिठाच्या खुणा केल्या, आणि महिना होता मार्गळीचा! त्या महिन्यात येथे उंबऱ्या-उंबऱ्यापुढे पहाटेच कोलम रेखलेले असते. सशाच्या खुणा त्यांत कोठे बुडाल्या कोणास ठाऊक. चौघेजण चार गृहिणींच्या अंगणांत माना खाली घालून उभे, हे दृश्य आम्ही विसरणार नाही. तेव्हापासून कागदच कायम झाला, आणि सर्वांत मागे राहणाऱ्याने कपटे वेचून आणावेत असे ठरले. हे खाते आपोआप आमच्याकडे आले.

ती सकाळ मासी महिन्यातली. महामहम तळ्याकडून निघालो. सारंगपाणि सन्निधी मार्गावर रामानुजनचे घर लागते. हा गणिती १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टात तीस रुपयांवर कारकून होता, आणि कागद परवडत नाही म्हणून पाटीवर गणिते करी. त्या घरापुढून कागद उधळीत जाताना आम्हांस नेहमी थोडे ओशाळल्यासारखे होते. याच गावात दबीर नावाचा रस्ता आहे. दबीर म्हणजे लेखनिक. भोसल्यांच्या तंजावरातले मराठी लेखनिक आमच्याही आधी येथे येऊन गेले, या विचाराने पाय जरा हलके पडतात.

पुढे नदीच्या बाजूस माग तुटला. मंडळी उजवीकडे पांगली. डावीकडच्या धुळीत आम्हांस काही पांढरे दिसले, पुढे आणखी दिसले, आणि आम्ही एकटेच त्या मागाने निघालो. उजाडावयाचे होते, चष्मा घामाने धूसर झालेला. बरेच अंतर गेल्यावर एक कपटा उचलला, तो बोटांत ओला लागला. ती फुलाची पाकळी होती. शेवंतीची. येथे प्रेतयात्रेत वाटभर फुले उधळतात. आदल्या संध्याकाळची ती यात्रा असावी.

तेव्हाच परतावयास हवे होते. आम्ही परतलो नाही.

२०२२ साली वाईस आमचे वडील गेले. निरोप रात्री आला. कुंभकोणमहून बंगळूर, बंगळूरहून पुणे, पुण्याहून वाई असे पोहोचलो तो तिसरा दिवस उजाडला होता. कृष्णाकाठी अस्थी तेवढ्या उरल्या होत्या. क्रिया धाकट्या भावाने केली. त्यांना कोणत्या रस्त्याने नेले, खांदा कोणी कोणी दिला, हे विचारावे असे किती वेळा मनात आले. पण ज्याने तेथे असावयास हवे होते त्याने हे कोणत्या तोंडाने विचारावे? बदलीच्या गावी राहणाऱ्या वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.

पाकळ्या स्मशानापर्यंत गेल्या. मेट्टूर धरणाचे पाणी बंद झालेले, त्यामुळे कावेरीत वाळूच अधिक होती. राखणदाराने आमच्या पायांतल्या बुटांकडे पाहिले आणि तमिळमध्ये विचारले, "दूध आणलेत का?" दुसऱ्या दिवशी सकाळी येथे अस्थींवर दूध शिंपडतात, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही मान हलवली. इतक्यात घरची माणसे आली. पुढच्या तरुणाच्या हातात पितळेचा तांब्या होता. आम्ही कोण, हे कोणी विचारले नाही. एका वृद्धाने बाजूस सरून आम्हांस उभे राहावयास जागा दिली, एवढेच. आम्ही बूट काढले आणि सर्व होईपर्यंत उभे राहिलो.

दुरून 'ऑन ऑन' ऐकू आले, पुन्हा ऐकू आले. मग थांबले.

कॉफीच्या दुकानात पोहोचलो तेव्हा मंडळींचा दुसरा टंबलर चालला होता. "खोट्या वाटेला लागलात ना?" ससा हसून म्हणाला. त्या बाजूस आपण वाट घातलीच नव्हती, हे त्याच्या ध्यानात आले नाही. आम्ही 'हो' म्हणालो. कपटे वेचावयाचे राहून गेले होते. ते आणावयास आम्ही पुन्हा निघालो आणि या खेपेस उजवीकडे वळलो.

घरी आल्यावर धाकट्या भावास दूरध्वनी केला. पाऊण तास बोलत होता. घाटाकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी त्यांनी वरचा घेतला होता. खालच्या रस्त्यावर चिखल होता.

पुढच्या रविवारी ससा होण्याची पाळी आमची होती. कन्येच्या जुन्या वह्या सौभाग्यवतींनी काढून ठेवल्याच होत्या, पांढऱ्या कागदाला तोटा नव्हता. तरी आम्ही बाजारात जाऊन निळा कागद आणला.